खळ्यावर मांडलेला पऱ्या

काजू मोहरला की हवेत एक गोडसर, किंचित उग्र वास भरतो. रत्नागिरीतल्या आमच्या घरामागे आता काजूचं एकच झाड उरलंय, तेही शेजाऱ्यांच्या कुंपणात. तरी माघ सरता सरता एखाद्या सकाळी खिडकी उघडली की तो वास आत येतो आणि माझ्या हातातलं काम थांबतं. पाण्याची आठवण सगळ्यांना पावसाळ्यात येत असेल. मला ती पाणी आटायला लागतं त्या दिवसांत येते. ओढ्यातले दगड एकेक करून उघडे पडतात, वाळून पांढरे दिसतात, पाण्याचा आवाज रोज थोडा खाली जातो. ऐंशीच्या दशकातल्या मधल्या कुठल्याशा वर्षी मी हे दिवस माझ्या सासरी काढले, राजापूरच्या बाजूच्या एका आडगावात. माघापासून आषाढापर्यंत. त्यानंतर कितीतरी वर्षं गेली, पण मोहराचा वास आला की मी तिथेच असते.

त्या आधीच्या कार्तिकात मला मुलगी झाली होती. रत्नागिरीच्या दवाखान्यात ती सकाळी जन्मली आणि दिवेलागणीपर्यंत गेली. मी तिला एकदाच नीट पाहिलं. तिच्या कानाच्या पाळीवर बारीक मऊ लव होती, एवढं आठवतं. नंतर बाळंतिणीचं सगळं झालं. शेक झाला, धुरी झाली, सासूबाईंनी गावाहून डिंकाचे लाडू करून पाठवले. मी ते लाडू खात होते आणि छातीला घट्ट फडकं बांधून दूध आटायची वाट बघत होते. माझे यजमान शाळेत शिक्षक. ते संध्याकाळी घरी आले की रॉकेल मिळालं का, पाणी किती वाजता आलं, असं विचारायचे. मी उत्तर द्यायची. त्यापलीकडे आमच्यात शब्द उरला नव्हता. वाईट वागत नव्हते ते. कुठून सुरुवात करायची हे दोघांनाही माहीत नव्हतं, आणि जसजसे दिवस गेले तसतसं ते अवघड होत गेलं. एक दिवस ते म्हणाले, "गावाला जाऊन राहा थोडे दिवस. हवापालट होईल." एस.टी.नं मला पोचवून दुसऱ्या दिवशी ते परत गेले.

गावाला सासूबाई, सासरे आणि धाकटे दीर वसंतभाऊजी. सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. उंच, थोडे पोक आलेले, तरुणपणाची सगळी वर्षं मुंबईच्या गोदीत ओझी वाहण्यात गेलेली. परत आले ते पुन्हा मुंबईचं नाव न काढण्यासाठी. सासूबाई मला कामाला हात लावू देत नसत. कोणी बायका चौकशीला आल्या की मी आत असतानाच त्या बाहेर म्हणायच्या, "तब्येत बरी नाय तिची." ते ऐकत मी माजघरात बसून राहायची. भिंतीवरून उन्हाचा कवडसा सरकायचा, तो बघायची.

आबा रोज सकाळी कोयता घेऊन पऱ्यावर जायचे. पऱ्या म्हणजे आमच्या घराखालून वाहणारा ओढा. वर डोंगराच्या सपाटीवर, सड्यावर, त्याचा उगम. तिथून तो झाडीतून उतरतो, आमच्या भातशेतीच्या कडेनं जातो आणि खाली खाडीला मिळतो. एक दिवस आबा पायरीवर थांबले आणि आत न बघताच म्हणाले, "बाय, येतंस काय खाली? एकट्याच्यान बघून समजत नाय."

काय समजत नाही, हे मी विचारलं नाही. पायात चपला अडकवल्या आणि त्यांच्या मागून उतरले.

पऱ्या मी लग्न होऊन आले तेव्हा पाहिला होता. तेव्हा त्याच्या दोन्ही काठांना करंजांची गर्दी होती, खाली पाणी काळसर हिरवं दिसायचं. आता करंज तुटले होते. ऊन थेट पाण्यावर पडत होतं आणि पाण्याखाली दगडगोटे दिसायला हवेत तिथे तांबडी माती साचली होती, तुपासारखी मऊ. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जायचा आणि मागे तांबडा ढग उठायचा. आबा मला गणपतीच्या कोंडीपाशी घेऊन गेले. कोंड म्हणजे डोह. गावातल्या घरोघरच्या गणपतींचं विसर्जन त्यात होतं. पूर्वी तिथे दोन पुरुष पाणी असायचं, भर वैशाखातही गुरं तिथे पाणी प्यायची, बायका धुणी धुवायच्या. आता ते गुडघाभर राहिलं होतं.

"गेल्या भादव्यात आपला गणपती बुडंना," आबा म्हणाले. "कमरेपरेंत पाणी, बाकी देव वरच. मग मी खांद्याला धरला आणि दाबून बुडवला. असा, दोनी हातांनी." त्यांनी हात पुढे करून दाखवले. "देवाला असा दाबून बुडवला बाय. तवापासना मनातना जात नाय."

ते कोंडीच्या काठावर उकिडवे बसले आणि काठीनं गाळ ढवळू लागले.

"तू कालेजात माशांचा शिकलंस ना? मग सांग. आता चढणीचे मासे येत नाय ते कशानं?"

पहिल्या पावसात खाडीतले, नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, त्यांना आमच्याकडे चढणीचे मासे म्हणतात. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, एवढं आबांच्या लक्षात होतं. घरात बाकी कोणाच्या होतं असं वाटत नाही. मी सांगायला लागले. मासे वर येतात ते अंडी घालायला. त्यांना उथळ, वाहतं पाणी लागतं, खाली स्वच्छ खडी लागते. खडीच्या फटीतून पाणी खेळत राहिलं तर अंड्यांना हवा मिळते. वर सावली हवी, मुळांचा आडोसा हवा. खडीवर माती बसली की फटी बुजतात.

"आणि मग?"

"अंडी गुदमरतात," मी म्हटलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते काठीनं एक दगड उलथत होते. बराच वेळ त्यांनी तो एकच दगड उलथला. मग म्हणाले, "उद्यापासना रोज येऊया. वरपासना बघायचा. काय करता येईल ता ठरवूया."

असे ते दिवस सुरू झाले. सकाळी पेज खाऊन आम्ही निघायचो. आबा पुढे, मी मागे. पऱ्या जिथे उतरतो तिथे खडकाच्या पायऱ्या होत्या, त्यांतल्या काही ढासळल्या होत्या. मासा उडी मारून किती चढेल, मधे विसाव्याला छोटं कुंड हवं की नको, यावर आमचे वाद व्हायचे. मला पुस्तकातलं आठवायचं आणि आबांना लहानपणी पाहिलेलं. कधी माझं चुकायचं, कधी त्यांचं. दुपारी उन्हं तापायच्या आत परतताना पोफळीच्या बागेत पाटाच्या पाण्यानं पाय धुवायचो. एक दिवस मला भूक लागली आहे हे माझ्या ध्यानात आलं. कितीतरी महिन्यांत असं झालं नव्हतं.

पण वर जाऊ तसं खरं दुखणं दिसत होतं. सड्यावर वसंतभाऊजींची चिरेखाण होती. आमच्या मुलखात घरं जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची. खाणीत चिरा काढला की त्याच्या दुप्पट माती आणि चुरा निघतो. तो सगळा कडेला लोटलेला होता, मोठा तांबडा ढीग, आणि ढिगाचं तोंड बरोबर पऱ्याकडे. दर पावसात तो थोडा थोडा खाली वाहून यायचा. करंजही त्या खाणीपायीच तुटले होते, चिरे वाहायच्या गाडीला वाट हवी म्हणून.

सड्यावरची ती जमीन भाऊजींना आबांनीच दिली होती. थोरल्यानं शिकून नोकरी धरली, धाकट्याचं शिक्षणात लक्ष नव्हतं. गावातली त्याच्या वयाची सगळी पोरं मुंबईला गेली. आबांना तो गोदीत गेलेला नको होता. "एक तरी पोर घरात जेवायला बसूदे," असं म्हणून त्यांनी सडा त्याच्या हवाली केला होता. हे त्यांनीच मला खाणीच्या कडेला उभं राहून सांगितलं. खाली खड्ड्यात भाऊजी चार माणसांबरोबर घाम गाळत होते. अंगभर तांबडी धूळ, फक्त डोळे तेवढे पांढरे. आम्हांला पाहून त्यांनी हात हलवला.

फाल्गुन लागताना आबांनी खाडीवरून इब्राहीमभाईंना बोलावून घेतलं. गोदीतले त्यांचे जुने सोबती. ते पुढे जहाजावर खलाशी म्हणून हिंडले आणि आता खाडीत जाळी टाकायचे. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, बोलणं हळू. ते आमच्याबरोबर खाडीच्या मुखापासून कोंडीपर्यंत चालत आले, मधे मधे ओणवे होऊन पाणी तोंडात घेऊन थुंकत.

"आबा, तुमच्या पऱ्याचा पाणी पयल्या पावसात आमच्याकडं येता ना, तवा खाडी लाल होते," ते म्हणाले. "मासा तोंडाशी येतो, वास घेतो आणि फिरतो. मी बघतो ना होडीतून. येतो आणि फिरतो."

"ह्या वर्साला फिरायचा नाय असा करूया," आबा म्हणाले.

"करूया. माझी पोरा देतो गाळ काढाया."

आता गावाला समजवायचं होतं. कागदावरचा नकाशा कोणाला कळला असता कोण जाणे. आबांनी दुसरीच युक्ती काढली. घरासमोरचं खळं सासूबाईंनी नुकतंच सारवलं होतं. त्यावर आम्ही दोघांनी पऱ्या मांडला. मी राखेनं त्याची वाट काढली, वळणं घेत घेत. आबांनी खडकाच्या पायऱ्यांच्या जागी दगड ठेवले. कोंडीच्या जागी सासूबाईंची पितळी परात पाणी भरून ठेवली. काठावर जिथे झाडं लावायची तिथे करंजाच्या आणि उंबराच्या डहाळ्या खोचल्या. हिवाळ्यात शेताला पाणी वळवायला गाव जो बांध घालतो, त्यात माशांसाठी एक वाट सोडायची होती, ती मी बोटानं उकरून दाखवली. सगळ्यात वर मातीचा एक ढीग, आणि त्याच्या पायथ्याशी आबांनी चिऱ्यांचे तुकडे रचून एक गडगा केला. गडगा म्हणजे बिनचुन्याची दगडी भिंत. ढीग तिथेच अडवायचा आणि नवी माती सड्याच्या दुसऱ्या अंगाला टाकायची, असा बेत होता.

सासूबाई ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या. "माझी परात नासलान," एवढंच म्हणाल्या. पण थोड्या वेळानं त्यांनीच तुळशीजवळची चार फुलं आणून परातीतल्या पाण्यात सोडली.

शिमग्याला मुंबईची माणसं गावात आली. यजमानही रत्नागिरीहून आले. पालखी घरोघर फिरत आमच्या दारात आली, नाचली, टेकली, आणि नारळ झाल्यावर आबांनी सगळ्यांना खळ्यावर थांबवून घेतलं. माणसं पऱ्याभोवती गोल उभी राहिली. आबांनी काठी हातात घेऊन वरपासून खालपर्यंत सांगितलं, आणि माशांचा भाग आला तिथे मला बोलायला लावलं. सुनेनं गावासमोर बोलावं अशी ती वर्षं नव्हती. राखेतल्या त्या वळणांकडे बघत मी बोलत गेले आणि कोणी हसलं नाही. कोंडीत गणपती बुडत नाही हे दुःख तिथल्या प्रत्येक घराचं होतं. यजमान मागे माडाला टेकून उभे होते. मधेच मी वर पाहिलं तर ते माझ्याकडे बघत होते, आणि नजर मिळताच ते घरात निघून गेले.

वसंतभाऊजी पुढे आले. ते मातीच्या ढिगापाशी थांबले.

"ही माझी खाण?"

"होय," आबा म्हणाले.

"आबा, ह्या सगळ्यात माझा काय ठेवलास?"

"खाण तुजी तुलाच ऱ्हाणार. माती फक्त पलीकडं टाकायची. आणि गडगा घालायचा."

"पलीकडं टाकायची म्हणजे दर चिऱ्यामागं दुप्पट मेहनत. माणसा टिकतील माझी?" भाऊजींचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागत होतं. "नायतर सांग तसा. मी जातो मुंबयला. मग तू मासे बघत बस."

ढोल वाजवणाऱ्यानं ढोल खाली ठेवला. आबा म्हातारे दिसले मला त्या क्षणी, आधी कधी दिसले नव्हते इतके.

"तू जाऊ नको म्हणून तर सडा दिला," ते म्हणाले. "आता मी तुला जा कसा म्हणू? पण वसंता, देव बुडत नाय रे."

भाऊजींनी वाकून गडग्याचा एक तुकडा उचलला, हातात फिरवला आणि होता तिथेच नीट ठेवला. "पावसाच्या आत घालतो," म्हणाले आणि वळून गेले.

चैत्र-वैशाखात गावानं कोंड उपसली. ते दिवस आठवले की अजूनही माझे खांदे दुखतात आणि बरं वाटतं. पुरुष आत उतरून गाळ काढायचे, बायकांची रांग घमेली हातोहात शेतात नेऊन ओतायची. इब्राहीमभाई खाडीवरची पाच-सहा पोरं घेऊन आले होते. दुपारी सगळे एकत्र फणसाच्या सावलीत भाकरी खायचे. एके दिवशी तळाच्या खडकाशी टिकाव लागला आणि कपारीतून थंड पाण्याची बारीक धार आली. जुना झरा. आबांनी ते पाणी ओंजळीत घेऊन मला दिलं. दातांना कळ लागेल इतकं गार होतं. वर सड्यावर भाऊजी गडगा घालत होते. आबा आणि मी तो कुठून कुठे न्यायचा ते दाखवून आलो होतो. त्यांनी काम चांगलं केलं, कंबरभर उंच भिंत, दगडात दगड बसवून. कुठे कुचराई केली नाही. हे मला आवर्जून लिहायचं आहे.

मृगात मासे आले. आबांनी मला हाक मारून खडकाच्या पायऱ्यांपाशी नेलं. पांढऱ्या पाण्यात काहीतरी चमकायचं, खाली पडायचं, पुन्हा चमकायचं. आम्ही छत्री असूनही भिजत उभे होतो. यंदा चढणीला कोणी जाळं लावायचं नाही असं गावानं ठरवलं होतं आणि ते पाळलं गेलं. पुढे कोंडीच्या कडेला, उथळ पाण्यात, मरळ माशाची पिल्लं दिसली. मरळ आपल्या पिल्लांना एकटं सोडत नाही. पिल्लांचा तांबूस-नारिंगी पुंजका पाण्यावर हलत असतो आणि खाली आई फिरत असते. मी रोज सकाळी तो पुंजका बघायला जायची. यजमानांचं पत्र आलं होतं, शाळा सुरू झाली, आता ये. मी आज-उद्या करत राहिले.

आषाढात एकदा दोन दिवस पाऊस असा लागला की आवाजाशिवाय दुसरं काही उरलं नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताना वरून मोठा गडगडाट ऐकू आला. आम्हांला वाटलं वीज. मग कोणीतरी ओरडत आलं.

गडग्यानं माती अडवली होती, पण मातीबरोबर पाणीही अडवलं होतं. पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवायची, हे आबांना सुचलं नव्हतं, मला सुचलं नव्हतं, भाऊजींना सुचलं नव्हतं, खळ्याभोवती उभ्या असलेल्या कोणालाच सुचलं नव्हतं. ढिगामागे तळं साचत गेलं आणि भिंत फुटली. दर पावसात थोडी थोडी आली असती ती माती एकदम आली. इतक्या वर्षांची सगळी.

आम्ही पोचलो तेव्हा कोंड नव्हती. काठापासून काठापर्यंत तांबडा चिखल, वर चिरे, मुळं, नुकतीच लावलेली रोपं उलटीसुलटी. पऱ्या त्या चिखलावरून पसरट वाहत होता, जणू त्याला आपली जागा सापडत नव्हती. वसंतभाऊजी आमच्या आधीच आले होते. ते मांडीपर्यंत चिखलात उभे राहून दोन्ही हातांनी माती उपसून मागे टाकत होते. टाकली की ती परत सरकून येत होती. आबांनी त्यांना हाक मारली. त्यांनी ऐकलं नाही. शेवटी दोघा-तिघांनी त्यांना धरून बाहेर काढलं आणि घरी नेलं.

पाऊस थोडा ओसरला होता. लोक हळूहळू गेले. आबा आणि मी राहिलो. कडेला चिखलात एक डबकं उरलं होतं, परातीएवढं. त्यात मरळ होती. ती गोल फिरत होती, वर येऊन हवा घेत होती, पुन्हा फिरत होती. पिल्लं कुठे दिसत नव्हती. आबांनी तिला उचलून खालच्या पाण्यात सोडायला हात घातला, तर ती हाताला धडक देऊन पुन्हा तिथेच फिरायला लागली.

मी खाली बसले. मला रडू आलं नाही. आबा माझ्या शेजारी चिखलातच बसले. बऱ्याच वेळानं, त्या माशाकडे बघत, त्यांनी विचारलं, "बाय, तिचा नाव काय ठेवणार व्हतीस?"

कार्तिकापासून तोपर्यंत मला हे कोणी विचारलं नव्हतं. बारसं न झालेल्या मुलीचं नाव असेल, असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. मी म्हटलं, "अनघा."

"अनगा," ते म्हणाले. त्यांच्या जिभेला तो घ येईना. पुन्हा एकदा म्हणून बघितलं, "अनगा." मग मान हलवली, जणू घरी आलेल्या माणसाची ओळख पटली. तेव्हा मी रडले. पावसात, चिखलात, मोठ्यानं. आबा उठले नाहीत, गप्प हो म्हणाले नाहीत, डोक्यावर हात ठेवला नाही. नुसते बसून राहिले.

पुढचं थोडक्यात सांगते. त्या वर्षी गावाचे गणपती खाडीवर नेऊन बुडवले. वसंतभाऊजींनी खाणीचं नाव टाकलं. इब्राहीमभाईंच्या पुतण्याच्या ओळखीनं ते मस्कतला गेले, मुंबईच्याही पलीकडे. जाताना आबा त्यांना एस.टी.पर्यंत सोडायला गेले होते. दोघं काय बोलले ते माहीत नाही. सासूबाई सांगायच्या की परत आल्यावर आबांनी दोन ताटं वाढायला सांगितली आणि मग म्हणाले, नको, एकच वाढ. पुढच्या काजूच्या मोहरात आबा आजारी पडले. यजमान रजा घेऊन त्यांच्या उशाशी बसले. मला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते, म्हणून प्रवास नको म्हणाले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. नंतर मला मुलगा झाला. तो आता पुण्याला असतो. त्यानं तो पऱ्या कधी नीट पाहिलेला नाही.

आम्ही दोघं गावाला क्वचित जातो. दोन वर्षांपूर्वी गेलो होतो, हे निवृत्त झाल्यानंतर बऱ्याच काळानं. चालत खाली उतरलो. कोंडीच्या जागी आता सपाट, टणक जमीन आहे, त्यावर हरळी उगवली आहे आणि सुट्टीत मुलं तिथे क्रिकेट खेळतात. पऱ्या एका कडेनं जातो, घोटाभर. त्याच्या खडीत बोटभर मासे दिसले. खाण बंद पडल्यावर वरून माती येणं थांबलं आणि वर्षानुवर्षांच्या पाण्यानं तेवढी खडी धुऊन काढली आहे. जे झालं ते आमच्या बेतानं झालेलं नाही.

हे काठावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "नक्की कुठे होती गं कोंड?"

मी हातानं दाखवलं. इथून तिथपर्यंत. मुलांचा एक चेंडू आमच्याकडे आला, तो यांनी परत टाकला. मग मला काय झालं कोण जाणे, इतक्या वर्षांत न बोललेलं मी बोलले. "त्या दिवशी इथे आबांनी मला एक विचारलं होतं. आपल्या मुलीचं नाव."

हे चेंडूच्या दिशेनं बघत होते.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "शेवटच्या दुखण्यात मला उशाशी बसवून सांगायचे. रोज सांगायचे. पण नाव नीट यायचं नाही त्यांना. अनगा म्हणायचे."